सायकल गेली तर पोलिसात जावं का? ठाण्याच्या टेबलामागून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या पार्किंगमधून मुलाची गिअरची सायकल गेली, १८ हजाराची, घेऊन जेमतेम वर्ष झालेलं. दोन महिन्यात त्याच सोसायटीतल्या अजून तिघांच्या गेल्यात पण कोणीच तक्रार केली नाही, सगळे म्हणतायत कशाला जाता, पोलीस काही करत नाहीत, उलट तुम्हालाच हेलपाटे. तर तक्रार करून खरंच काही फरक पडतो का?

मी ३१ वर्षं पोलीस खात्यात होते, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाले, आणि त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदार आणि क्राईम रायटर म्हणून काढली, म्हणजे तुम्ही ठाण्यात शिरल्यावर समोरच्या टेबलामागे जी बाई कपाळाला आठी घालून लिहीत बसलेली असते ना, ती मी. आता घरी बसवत नाही म्हणून ओळखीपाळखीच्या लोकांना अर्ज लिहून देते. त्यामुळे आधीच सांगते, तुमच्या शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे.

तुम्ही प्रश्न एक विचारलाय पण त्यात तीन मिसळलेत. सायकल परत मिळेल का, चोर सापडेल का, आणि पुढच्या चोऱ्या थांबतील का. लोक फक्त पहिला विचारतात, त्याचं उत्तर महिनाभरात "नाही" आलं की विषय संपला म्हणतात.

खरं सांगायचं तर तुमच्या सायकलीसाठी कोणी जीप काढून निघणार नाही. तपास ज्या हवालदाराकडे जाईल त्याच्याकडे आधीच मारामाऱ्या, घरफोड्या, अपघात, बेपत्ता माणसं असा ढीग असतो, शिवाय समन्स वॉरंट बजावायची, कोर्टाच्या तारखा, गणपतीचा बंदोबस्त, कुठला मंत्री आला की रस्त्यावर उभं राहायचं. तो पंचनामा करेल, वॉचमनला चार प्रश्न विचारेल, सीसीटीव्ही बघेल, आणि फुटेजमध्ये टोपी घातलेला एक मुलगा सायकल घेऊन जाताना दिसेल ज्याला कोणीच ओळखत नाही. मग फाईल कपाटात.

पण चोऱ्या उघडकीस येतात त्या वस्तू शोधून येतच नाहीत. चोर दुसऱ्याच कशात तरी सापडतो आणि मग मागचं बाहेर निघतं. आमच्या डीबीच्या पोरांनी, डीबी म्हणजे ठाण्यातलं गुन्हे शोध पथक, एकदा रात्रीच्या नाकाबंदीत छोटा टेम्पो अडवला, आत चार सायकली आणि दोन मुलं, कुठून आणल्या विचारलं तर एक म्हणतो मामाच्या आणि दुसरा म्हणतो भंगारात घेतल्या. सकाळपर्यंत त्यांच्या भाड्याच्या खोलीतून अजून निघाल्या, एकूण २३. मग माझं काम सुरू झालं, रजिस्टर काढून मागच्या वर्ष-दीड वर्षातल्या सायकल चोऱ्या जुळवायच्या. आमच्याकडे किती नोंद होत्या? सहा. शेजारच्या ठाण्यांना बिनतारीवर विचारलं, अजून दोन मिळाल्या. बाकी १५ कोणाच्या ते आजपर्यंत माहीत नाही. मोटरसायकल असती तर चेसिस नंबरवरून आरटीओत मालक निघाला असता, सायकलीला पासिंगच नाही तर काय करणार. बेवारस मालाची जाहीर नोटीस काढावी लागते ती काढली, ती कोण वाचतं. दोन पावसाळे त्या आवारात गुलमोहराखाली गंजल्या, त्यात एक लहान मुलीची होती, हँडलला झिरमिळ्या लावलेली, ती मला रोज येताजाता दिसायची. शेवटी लिलावात भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेल्या. आणि ज्यांनी तक्रार दिली होती त्या आठही जणांना सायकली मिळाल्या, कोर्टाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर.

आता त्या पोरांच्या बाजूने बघा. त्यांनी केल्या २३ चोऱ्या, लागले आठ गुन्हे. जामिनाच्या वेळी सरकारी वकील कोर्टापुढे आठच ठेवू शकतो. बाकी १५ कायद्याच्या लेखी झाल्याच नाहीत.

म्हणून तक्रार दिली की महिन्याभरात सायकल दारात, या हिशेबाने जाऊ नका. ती वस्तू तुमची होती आणि अमुक तारखेला चोरीला गेली, एवढं सरकारी रजिस्टरमध्ये बसवून ठेवायला जा. तो कागद सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी तिसऱ्याच जिल्ह्यात कामाला येतो.

तिसरा प्रश्न, चोऱ्या थांबतील का. एका तक्रारीने नाही थांबणार. पण गस्त कशी ठरते ते सांगते. आमच्या ठाण्यात भिंतीवर हद्दीचा नकाशा होता, तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर नव्हतं, आणि साहेबांना घरफोड्या-चोऱ्या कुठे होतात ते नकाशावर बघायचं होतं. पिना मिळेनात तर मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं, लाल टिकली घरफोडी, काळी टिकली वाहनचोरी. पुढे तीच पद्धत पडली. जिथे टिकल्यांचा पुंजका तिथे रात्रीचा राऊंड वाढायचा, तिथला बीट मार्शल बदलायचा, महिन्याच्या क्राईम मीटिंगला वरिष्ठ विचारायचे की इथे काय चाललंय. तुमच्या सोसायटीत चार सायकली गेल्या आणि नकाशावर टिकली एकही नाही, म्हणजे ठाण्याच्या दृष्टीने तुमची गल्ली एकदम शांत. आता टिकल्या गेल्या, सीसीटीएनएस म्हणजे सगळ्या ठाण्यांच्या गुन्ह्यांच्या नोंदींची कॉम्प्युटर यंत्रणा आली, पण जे नोंदलंच नाही ते त्यातही दिसत नाही.

इथे खात्याची काळी बाजूही सांगायला हवी. गुन्ह्यांचे आकडे वाढले की पेपरात येतं "अमुक हद्दीत चोऱ्या वाढल्या" आणि साहेबांना वरून विचारणा. आता जास्त नोंदी म्हणजे जास्त गुन्हे असंच काही नाही, कधी कधी एखादा सरळ अधिकारी आला आणि सगळं नोंदवायला लागला की आकडा वाढतो. पण हे कोणाला समजावणार? मग सोपा मार्ग म्हणजे नोंदवायचंच नाही, किंवा चोरीच्या ऐवजी "गहाळ" लिहायचं.

हे मी स्वतः केलंय. कॉलेजची एक मुलगी आली होती, बाईकवरच्या दोघांनी हातातला मोबाईल हिसकावला होता, हात अजून थरथरत होता तिचा. महिनाअखेर होती आणि वरून तोंडी सांगणं होतं की किरकोळ असेल तर आकडा वाढवू नका. मी तिला गोड बोलून गहाळचा दाखला दिला, म्हटलं सिम मिळायला हा पुरतो, कोर्टकचेरी वाचेल तुझी. ती बिचारी थँक्यू म्हणून गेली. पुढे ती जोडी दुसऱ्या हद्दीत सापडली, त्यात हा मोबाईलही निघाला, तिला फोन गेला, मोबाईल मिळाला पण तिच्या प्रकरणात त्यांच्यावर गुन्हाच नव्हता कारण माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं की प्रवासात कुठेतरी पडला. ती येऊन म्हणाली, मॅडम मी तर तुम्हाला हिसकावला म्हणूनच सांगितलं होतं ना. मी काय बोलणार. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत माझ्या टेबलावर हिसकावलेली वस्तू गहाळ झाली नाही, त्यासाठी बोलणीही खाल्ली.

तर तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे की ठाण्यातून बाहेर पडताना हातात काय कागद आहे ते वाचा. अर्ज दिला आणि त्यावर आवक नंबरचा शिक्का मिळाला तर तो नुसता अर्ज आहे, एफआयआर नाही, निम्म्या लोकांना हा फरक माहीत नसतो आणि वर्षभर "आम्ही एफआयआर केलीये" म्हणून सांगत फिरतात. गहाळचा दाखला तो वेगळा. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आणि एफआयआरवर गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि कलम असतं, चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची असते. जे संवेदनशील नाहीत ते एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर टाकतात, तिथेही बघता येतो.

एक नवीन गोष्ट लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेसकट नवे फौजदारी कायदे आले, त्यात ५ हजारापेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र झालीये. तुमची सायकल १८ हजाराची, वर्षभर वापरलेली, म्हणजे ५ हजाराच्या वरच, पण कोणी टेबलावर "जुनी सायकल ना, लिहा ४ हजार" म्हणालं तर मान डोलावू नका, बिल पुढे ठेवा. वाढवूनही सांगू नका, पुढे साक्षीच्या वेळी आरोपीचा वकील तिथेच धरतो. दुसरं, चोरीला जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षं, आणि ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. त्यामुळे "चौकशी चालू आहे" असं उत्तर मिळालं तर ते खोटंच असेल असं नाही, पण १४ दिवस म्हणजे १४ दिवस, १५ व्या दिवशी जाऊन विचारा.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते. कुठली वस्तू गेली त्यावर खूप अवलंबून. सोनं असेल तर वेळेशी शर्यत असते, एकदा वितळून लगड झाली की तुमचं मंगळसूत्र आणि दुसऱ्याची पाटली यात फरक राहत नाही, म्हणून दागिन्याचं बिल आणि तो घालून काढलेला लग्नातला फोटो लगेच द्यायचा. मोबाईल असेल तर सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, ब्लॉक करता येतो, मे २०२३ पासून ती सोय देशभर आहे, तिथे पोलीस तक्रारीची प्रत लागतेच, आणि कोणी त्यात नवीन सिम टाकलं की माहिती येते. आजकाल पोलीस समारंभ करून शे-दोनशे मोबाईल परत देतात ते बरेचसे यातूनच. गाडी असेल तर तक्रार न करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा, विमा तर जातोच पण त्या गाडीने उद्या कोणाला उडवलं तर पोलीस पहिले तुमच्या दारात. आणि ऑनलाईन पैसे गेले असतील तर ठाण्यात जायच्याही आधी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळत असतात, जिथे पोचलेत तिथे गोठवता आले तर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश जाणाऱ्यांचे मी रिकामे हातच बघितलेत.

चोरी सोडून दुसरा प्रकार म्हणजे त्रास देणारा माणूस. शेजारी, दारुडा, हप्ता मागणारा. इथे लोक म्हणतात एनसी घेऊन काय होतं, कागदाचा तुकडा. मीही नवीन होते तेव्हा तसंच समजायचे. आमच्या हद्दीत एक भाजीवाली होती, एक गुंड सगळ्या गाड्यांवरून पैसे उचलायचा, बाकी सगळे गप्प, ही बाई मात्र दर वेळी येऊन एनसी लिहून जायची, माझ्याच टेबलावर, तीनदा आली. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं मावशी कशाला उन्हातान्हात येता, तर म्हणाली तुम्ही लिहा, तुमचं काम लिहायचं. पुढे त्याच्यावर आधी चॅप्टर केस झाली, चांगल्या वर्तनाचा बाँड लिहून घेतला, त्याने तो मोडला, मग एका मारहाणीत दखलपात्र गुन्हा लागला, आणि तडीपारीचा प्रस्ताव करायला बसलो तेव्हा साहेबांनी विचारलं पूर्वीचं काय आहे याचं. त्या तीन एनसी होत्या म्हणून प्रस्तावाला वजन आलं. तडीपारीच्या कायद्यात भीतीपोटी पुढे न येणाऱ्या साक्षीदारांचा विचार केलेला आहे, पण काहीतरी कागदावर असल्याशिवाय गाडी हलत नाही. तो माणूस दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी गेला. बाई अजून तिथेच बसते, मला मेथी स्वस्त देत नाही हां, तो विषय वेगळा.

एक गोष्ट मात्र करू नका. "कोणावर संशय?" असं विचारलं की लोक पटकन कामवाल्या मावशींचं किंवा वॉचमनचं नाव घेतात. तुम्ही सहज बोलता, पण त्या माणसाला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बसवतात, त्याची मजुरी बुडते, काम सुटतं, वस्तीत बोभाटा होतो, आणि बऱ्याचदा चोर भलताच निघतो. मी नावानिशी सांगू शकते अशा बायका आहेत ज्यांना नंतर त्या सोसायटीत कोणी परत कामाला घेतलं नाही. डोळ्यांनी बघितलं असेल तर सांगा, नाहीतर "संशय नाही" लिहा. तक्रारीने फरक पडतो म्हणतात ना, तर तो असाही पडतो.

हेलपाट्यांचं काय? खोटं बोलणार नाही. फिर्याद द्यायला एकदा, दोन-तीन तास जातील, पंचनाम्याला पोलीस तुमच्याकडे येतील. माल सापडला तर ओळखायला एकदा, कोर्टात सुपूर्तनाम्याला एक-दोनदा. आणि केस उभी राहिली तर काही वर्षांनी समन्स येईल, तेव्हा तुमचा मुलगा कदाचित सायकल सोडून बाईकवर आला असेल. तेव्हा जायचं. फिर्यादीच आला नाही किंवा "आता आठवत नाही" म्हणाला म्हणून सुटलेले आरोपी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर हसताना बघितलेत. माल सापडलाच नाही तर हे पुढचं काहीच नाही, पोलीस काही महिन्यांनी "अ" समरी पाठवतील, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळून आला नाही. लोकांना तो कागद बघून वाईट वाटतं, पण तो गुन्हा कायमचा मेलेला नसतो, आरोपी कुठे सापडला तर पुन्हा उघडता येतो, त्या आठातल्या तीन सायकली अशाच समरी झालेल्या फायलीतल्या होत्या. आणि तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असं नवीन कायद्यात आहे, विचारायला लाजू नका.

तक्रार घेतलीच नाही तर? ठाणे अंमलदाराशी भांडत बसू नका, ती किंवा तो तुमच्याइतकाच थकलेला असतो आणि बहुतेक वेळा नकार त्याचा स्वतःचा नसतो. वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, शांतपणे म्हणा की चोरी झालीये, गहाळ नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलीच पाहिजे. तरी नाही झालं तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना. पोस्टाची पावती जपून ठेवा, कारण त्यानंतरही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं आणि तिथे तुम्ही आधी या दोन पायऱ्या चढलात का ते बघतात. हद्दीचा वाद घातला तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते. ऑनलाईन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. एकटे जाऊ नका, त्या बाकीच्या तिघांनाही गोळा करा, प्रत्येकाची तारीख वेगळी असेल तर प्रत्येकाची वेगळी फिर्याद, चौघांचा मिळून एकच सह्यांचा अर्ज करू नका, तो एक अर्ज म्हणून आवक होतो आणि तिथेच राहतो. फिर्यादीत सायकल शेवटची कधी बघितली आणि नाही हे कधी कळलं, या दोन वेळा नीट लिहा, रंग, कंपनी, कुठे ओरखडा, स्टिकर, घंटी बदललेली असेल तर तेही. सायकल उलटी केली की पायडलच्या मधल्या दांड्याच्या खाली बहुतेक वेळा फ्रेम नंबर ठोकलेला असतो. सायकलच गेली तर नंबर कुठून आणणार म्हणाल, बऱ्याचदा बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर लिहिलेला असतो, बिल हरवलं असेल तर दुकानदाराला विचारा, त्याच्याकडे नोंद असू शकते.

आणि हे सगळं उद्या-परवा केलं तरी चालेल, पण सीसीटीव्हीचं आज करा. सोसायट्यांचे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे, काही दिवसांनी जुन्यावर नवीन रेकॉर्ड करतात, पोलीस येईपर्यंत ते राहीलच असं नाही. सेक्रेटरींना सांगून त्या रात्रीचं फुटेज पेनड्राईव्हवर काढून घ्या, आणि डीव्हीआरवरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, आमच्या एका केसमध्ये ते ४० मिनिटं मागे होतं आणि त्यावरून आरोपीच्या वकिलाने दोन तारखा खाल्ल्या.